अर्धा इंच

मुलांनो, तुमच्यातली थोरली लष्करी डॉक्टर व्हायला निघाल्याचे पत्र आले, म्हणून तुमच्या आजोबांच्या नंदुरबारच्या दवाखान्यातल्या आमच्या कंपाउंडरविषयी आजच लिहिते.

महायुद्धाची भरती चालू होती. लष्करी दवाखान्यात शिरायचे आणि पुढे डॉक्टर व्हायचे, एवढेच त्याच्या मनात होते. भरतीवेळच्या प्रश्नांची इंग्रजी उत्तरे मी त्याच्याकडून पाठ करून घेई. भरतीला छातीचे ठरावीक माप लागे, म्हणून औषध कुटतानासुद्धा तो छाती फुगवून उभा राही, आणि दर सोमवारी शेजारच्या शिंपीचाचांकडे छातीचे माप द्यायला जाई. चाचा त्याला आतापासूनच डॉक्टरसाब म्हणत.

“डॉक्टरसाब, अजून आधा इंच कमी शे. दूध पेत जाय!”

“चाचा, दूध दी दी म्हैस कटाळनी!”

एकदा नापास झालो तर भरतीच्या यादीतून नाव कायमचे जाईल, या भीतीने तो अर्धा इंच भरायची वाट पाहत राहिला. तोवर युद्ध संपले आणि भरतीही थांबली.

पुढच्या वर्षी मी शिवणासाठी सुरतेहून नवी टेप आणली. तुमच्या आजोबांनी गमतीने त्याची छाती मोजली, तर माप पुरून वर उरले. चाचांची कापडी टेप वर्षानुवर्षे ओढून लांबली होती आणि माप कमी दाखवत होती. अंगही तिनेच मोजत आणि कापडही तिनेच, म्हणून कपडे कधी चुकले नाहीत.

त्याने टेप गुंडाळून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, “वहिनी, चाचाले सांगू नका. त्याना जीव तुटी जाई.”

त्यानंतरही तो दर सोमवारी चाचांकडे माप द्यायला जात राहिला.

आता ते दोघेही नाहीत. नवी टेप माझ्या शिवणयंत्राच्या खणात आहे.