एकटीला गाळा नको

रत्नागिरीत मी ज्या मावशींकडून रोज मासळी घेतो, त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही. बांगडा उचलला की त्या आधी कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवतात, मगच भाव सांगतात. शेजारीण आजारी असली तर तिची पाटी आधी विकतात, स्वतःची मागाहून.

गेल्या वर्षी हा मासळीबाजार भरतो त्या मोकळ्या जागेच्या मालकाला तिथे दुकानं बांधायची होती. त्याने सगळ्या मासळीवाल्यांना उठायला सांगितलं. तेव्हा निम्म्या बायका फाटकात ठाण मांडून बसल्या आणि उरलेल्या निम्म्यांनी सगळ्यांच्या पाट्या विकल्या.

आठव्या दिवशी मालकाचा माणूस आला. मी मावशींसमोरच उभा होतो.

"मावशी, तुम्हाला पक्का गाळा देतो. बाकीच्यांना तेवढं समजवा," तो हळूच म्हणाला.

मावशींनी सुरी धुतली, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आणि मी तापानं पडले तर गाळ्यात बसून माझी मासळी कोण विकील? तुमी?"

बायका खदखदून हसल्या. महिन्याभरात मालकाने दुकानांच्या नव्या इमारतीच्या पुढच्या बाजूला सगळ्यांसाठी ओटे बांधायचं कबूल केलं, आणि बांधलेही.

मी विम्याचा एजंट आहे. त्या ओट्यांवरच्या एकीलाही पॉलिसी घ्या म्हणायचं धाडस मला अजून झालेलं नाही.