शेजाऱ्यांच्या कोटाची बाही

ये गं, अशी जवळ बस. कागदावरच बस हवं तर, पण बस. तुला रागवायचंय आणि लांबून ओरडायला माझ्यात आता दम नाही. एकाच शहरात स्कोफिल्ड्सहून टूनगॅबीला यायला तुला चार महिने लागतात होय? आणि परवा फोन केलास तर काय म्हणालीस, "आत्या, बाबांचा तो जुना लोकरी कोट चॅरिटीच्या पेटीत टाकतेय, बाहीला कसर लागलीय." भाजीबद्दल बोलावं तसं बोललीस. मी फोन ठेवला. म्हटलं, हिला नीट लिहूनच सांगावं. आधी हे वाच, मग काय टाकायचं ते टाक.

शिवण मी कुठल्या क्लासला जाऊन शिकले नाही, तुला ठाऊक आहे. आईच्या मशीनवर जुने ब्लाउज उसवून उसवून शिकले. उसवल्याशिवाय कळत नाही कुणी काय मनाने शिवलंय ते. इथे परदेशात लेकाकडे आल्यावरही बायकांचे फॉल-पिको, ब्लाउज आवळणं, सैल करणं चालूच आहे. पुढच्या खिडकीत मशीन असते, रस्त्यावरून दिसते. ती बघूनच आमचे शेजारचे म्हातारबुवा एका सोमवारी दारात आले.

ऐंशीच्या पुढचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. हे मला 'लव्ह' म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी दार अर्धं लावून घेतलं होतं. सून हसून हसून बेजार. "आई, ते बसच्या ड्रायव्हर बाईलाही तसंच म्हणतात." तर त्या दिवशी त्यांच्या हातात कोट होता. शनिवारी लेकीचं लग्न. लेक पंचेचाळिशीची, दुसरं लग्न, पण बापाला काय, हात धरून नवऱ्यापर्यंत न्यायचं म्हणजे न्यायचं. कोट अंगावर लोंबत होता, एवढे ते वाळलेत. कडेने आत घेऊन द्याल का, म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी एकटे स्कॉटलंडहून बोटीने आले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी शिवून दिलेला. वडील तिकडे शिंपी होते. वडिलांची म्हणून तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे उरलेली.

हातात घेतला आणि हात खाली गेला, इतका जड. ट्वीड म्हणतात त्या कापडाला. लांबून बघशील तर नुसतं मातकट, नांगरलेल्या शेतासारखं. मी खिडकीत उजेडाला धरलं आणि बघतच राहिले. एकेका धाग्यात जांभळा, शेवाळी, हळदीचा पिवळा, मधेच एखादा तांबडा. एवढे सगळे रंग घ्यायचे आणि मातीचा एकच दिसू द्यायचा. पैठणीवाल्याला एवढे रंग मिळाले असते तर त्याने सगळ्या गावाला दाखवले असते.

मग अस्तर उसवलं. छातीपाशी आत घोड्याच्या केसांचं विणलेलं कडक कापड होतं आणि ते हाताने शिवून बसवलेलं. तांदळाच्या दाण्याएवढे टाके, ओळीने, शेकड्यांनी, आणि बाहेरून एकही दिसत नाही. आपण गोधडीला टाके घालतो ते दिसावेत म्हणून. या माणसाने दिसू नयेत म्हणून घातले होते. टीव्हीवर माझी मालिका चालू होती, ती मी उठून बंद केली. बोलणारं कुणी नकोसं झालं.

एवढं बघूनही मी करायची ती चूक केलीच. आपल्याकडे कुणी अंगात घातलेला कपडा धुतल्याशिवाय मी सुईखाली घेत नाही. बायकांना तसंच परत पाठवते, "धुऊन आण गं आधी." म्हातारबुवांना कसं सांगणार? उजव्या बाहीच्या टोकाला चहाचे डाग होते. म्हटलं, तेवढी आपणच धुवावी. टबात कढत पाणी घेतलं, कोपरापर्यंत बाही बुडवली, साबणाची वडी फिरवली, वर ब्रशने घासली. सगळा जन्म सुती कपडे धुण्यात घालवलेले हात, ते थांबतात कशाला?

मंगळवारी वाळली तेव्हा घोंगडीसारखी घट्ट झाली होती, आणि डाव्या बाहीपेक्षा चांगली दोन बोटं आखूड.

ओढून बघितली, हलली नाही. संध्याकाळी सून कामावरून आली, बघितलं, म्हणाली, "आई, नवा घेऊन देऊ ना. ऑनलाइन मिळतो."

"आणि त्यांचे वडील? ते मिळतात का ऑनलाइन?" मी म्हटलं. बिचारी चहा ठेवायला गेली.

बुधवारी सकाळी त्याच बाहीचं टोक उसवायला घेतलं. आत ब्लाउजला ठेवतो तशी बोटभर माया, जादा कापड, असेल, अर्धं तरी भरून निघेल, एवढीच आशा होती. उसवत गेले आणि आतून कापड निघतच राहिलं. एक बोट, दोन बोटं, तीन. चार बोटं कापड दुमडून आत ठेवलेलं होतं, इतकं सपाट की बाहेरून हाताला लागलं नव्हतं. आणि रंग गं. उन्हाने बघितलेलाच नाही तो. जांभळा खरा जांभळा होता.

तशीच उसवलेली बाही घेऊन त्यांच्याकडे गेले. माझ्या मोडक्या इंग्रजीत सरळ सांगितलं, तुमची बाही मी गरम पाण्यात घातली, ती आटली, चूक माझी.

"नो वरीज, ल..." सवयीने म्हणायला गेले आणि बाहीकडे बघून अर्ध्यावर थांबले. मी दुमड उलगडून दाखवली. त्यांनी त्या गडद पट्टीवरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

"हे मला माहीत नव्हतं," म्हणाले.

"तुमचे हात अजून वाढतील असं वाटलं असेल त्यांना," मी म्हटलं.

त्यांनी पट्टी परत दुमडली, परत उलगडली. मग म्हणाले, "बंदरावर ते काही बोलले नाहीत. बाही धरून जरा खाली ओढली, बस. मला वाटलं, कोट नीट बसवतायत."

मी बाहीची घडी करायला घेतली. त्यांचं मांजर त्या बाहीवर येऊन बसायला बघत होतं.

शुक्रवारपर्यंत कडा आत घेतल्या, अस्तर हाताने लावलं, बाही डावीच्या मापाला आणली. पट्टी गडद दिसत होती. म्हटलं, कडेने फीत लावून झाकू का? तर नको म्हणाले. राहू दे, दिसू दे.

कॅसल हिलला एका बागेत लग्न झालं. मलाही बोलावलं होतं, मी साडी नेसून मागच्या खुर्चीत. म्हातारबुवा लेकीचा हात धरून हळूहळू गेले. उजव्या मनगटापाशी त्या पट्टीतला जांभळा उन्हात लखलखत होता. चालताना त्यांनी दोनदा ती बाही खाली ओढली. तिला आता ओढायची काही गरज नव्हती. मी मापूनच दिली होती.

तर आता ऐक. दादाचा कोट तिकडे आपल्याकडच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने शिवलाय, मी स्वतः सोबत गेले होते. आत काय आहे ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही. कसर लागलेली जागा मी रफू करीन. येत्या रविवारी ये, मुलांना घेऊन ये, दुपारी आपण दोघी खिडकीत बसून त्याची बाही उसवू. कोट पिशवीत घालून आण, आणि धुऊन आणू नकोस.