डाव्या चाकाचा रामदास आणि खोक्यातली सायकल

लेथखाली बुरादा साठतो तसे हे किस्से साठत्यात राव. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी परत पायाखाली कचकच. एकाच कंपनीत, गाड्या जोडायच्या एकाच लायनीवर जिंदगी घातलेली आमी माणसं. कंपनीनं शाल दिली, नारळ दिला, व्हीआरएसच्या कागदावर सह्या घेतल्या अन् गेट लावून घेतलं. आता मोशीला सोसायटीच्या पार्किंगमदी खुर्च्या टाकून बसतो. बायका म्हणत्यात घरात नका बसू. चेअरमन म्हणतो पार्किंगमदी नका बसू.

मी इचारलं, "मंग बसायचं कुटं?"

"नाना, देवळात जा की."

म्हणलं, "तितं पन चेअरमन तूच हायेस."

*

लायनीवर एका माणसाला एकच काम. आमचा रामदास पुढचं डावं चाक बसवायचा. लग्न झालं, पोरगं झालं, केस गेले, चाक तेच. उजवं चाक समोरचा मानूस बसवायचा, तिकडं रामदासनं कधी ढुंकून बगितलं न्हाई.

कंपनी बंद झाल्यावर चाकणला एका ठिकाणी काम इचारायला गेला. मी बरुबर व्हतो, निस्ता मजा बघायला. पोराच्या वयाचा साहेब. म्हणला, "काका, काय काय येतं तुम्हाला?"

रामदास छाती काढून बोलला, "डावं चाक."

साहेबानं हसू दाबलं अन् काचेतून आत दाखवलं. आत रोबो. "काका, तो दोन्ही लावतो. चहालाही उठत नाही."

येताना बसमदी रामदास मोशीपातुर दोन बोटांनी हवेतच नट फिरवत बसला. उतरल्यावर म्हणला, "उजवं ढिलं लावत आसंल बघ त्यो."

*

लायनीवर आमी चौघं दोस्त: मी, रामदास, कांबळे, अन् चौथा आमचा गायकवाड. हवेची गन त्याच्याकडं. आमी सगळ्यांनी नट निस्ता हातानं दोन आटे चढवायचा अन् गाडी पुढं ढकलायची. पुढं गायकवाड उभा. टर्रर्र, टर्रर्र, सगळं टाईट. टाईट करायचं काम त्याचं, दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई, लावला तर त्यो भांडायचा.

त्या गननं त्याचा हात थरथरायला लागला. कप धरला की बशी वाजायची. मी मुद्दाम चहा काठोकाठ भरून द्यायचो. निम्मा बशीत, निम्मा पँटवर, अन् वरनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. कंपनीच्या डॉक्टरला दाखवलं तर म्हणला, वयानं होतं. त्याची पोरगी तवा बालवाडीत व्हती.

गेल्या उन्हाळ्यात गेला. सकाळी हात थरथरत नव्हता, म्हणून बायकोला वाटलं, आज लागली एकदाची निवांत झोप.

*

आता सईचं. सई म्हंजी रामदासची नात, यूकेजीत. रामदासच्या पोराचं अन् सुनेचं फाटलं. पोरगा गेला बेंगलोरला, सून अर्चना देहूरोडला माहेरी. नवऱ्याचं नाव काढत न्हाई, पन पोरीला रविवारी आजोबाकडं सोडती. रामदासचा आठवडा एकाच दिवसाचा. बाकीचे सहा दिस त्यो फकस्त वाट बघायची ड्युटी करतो.

एका रविवारी पार्किंगमदी खेळताना सईचा पाय स्कूटरच्या सायलेन्सरला लागला. ह्यो मोठा फोड. अर्चना घ्यायला आली. वरडली न्हाई. वरडली आसती तर बरं झालं आसतं.

"बाबा, एकदा झालं. पुन्हा हिला इथं काही लागलं, तर रविवार बंद."

मंग ह्या शान्यानं काय करावं? सायकल मागवली. का, तर सायकल हितं ऱ्हाईल, मंग पोरगी स्वताच हट्ट धरंल यायचा.

कांबळे लायनीवर इन्स्पेक्शनला व्हता, त्यो मोजकंच बोलतो. म्हणला, "तिला लागू नये म्हणून सायकल आणतोस? रामदास, तुझं डोकं रिजेक्शनच्या ट्रॉलीत टाक."

*

सायकल खोक्यात आली. रामदासनं डिलिव्हरीवाल्या पोराला धरला, सायकल कुटं म्हणून. त्यो म्हणला, "आतच आहे आजोबा, सुटी. घरी जोडायची. काही नसतं त्याच्यात, कुणीपण जोडतं."

रामदासला लई लागलं ते. आख्खी जिंदगी गाड्या जोडल्या, अन् ह्यो म्हणतो कुनीबी जोडतं.

खोक्यात एक कागद निगाला. चित्रं अन् बारीक इंग्रजी. कांबळेचा कायदा म्हंजी कागद डोळ्यापुढं टांगल्याबिगर पान्याला हात लावायचा न्हाई. त्यानं चिकटवला खांबाला. तेवढ्यात तळमजल्याच्या काकू आल्या, कसली नोटीस म्हणून इचारायला लागल्या. मला काय इंग्रजी वाचता येतंय? म्हणलं, टँकरचा टायम हाय.

काकूंनी चष्मा लावला, सायकलच्या चेनचं चित्र वरपासनं खालपातुर बगितलं, अन् उसासा टाकला. "म्हणजे याही महिन्यात पाणी नाहीच."

*

लायन लागली. पैला रामदास, मंग कांबळे, शेवटी मी. मी डिस्पॅचला व्हतो. गाडी पुसायची, चालवत न्यायची अन् यार्डात लावायची, येवढंच माझं काम.

रामदासला लई दिसांनी हाताला काम भेटलं व्हतं. चाक बसवलं, हँडल घातलं, सीट घातली, नट हातानं दोन-दोन आटे चढवले. मागच्या आधाराच्या बारक्या चाकातलं डावं तर डोळे मिटून लावलं. उजव्यापाशी गाडी आडली. नट हातात घेऊन नुसता बघत बसला. मंग उठला, आख्खी सायकल उचलून उलटी फिरवली, तोंड खांबाकडं केलं अन् म्हणला, "हां. आता ही बाजू डावी झाली."

अन् लावलं की राव!

मंग सायकल कांबळेकडं ढकलली. कंपनीत कांबळे नट हाय का न्हाई ते बघायचा अन् त्यावर पिवळ्या पेंटचा ठिपका द्यायचा. ढिला हाय का टाईट, ते त्याच्या कामात नव्हतं. आता पेंट कुटला? बायकोचं नेलपॉलिश घेऊन आला. एकेक नट बोटानं मोजला, ठिपका दिला. लाल ठिपक्यांनी सायकल आशी सजली, जशी नवरीच. मंग मान हलवून म्हणला, "ओके. पास."

मी फडकं मारलं. रामदास मागं हात बांधून उभा. म्हणला, "लायन कशी चालली बघ. एक मिनिट थांबली न्हाई." डोळ्यात पानी व्हतं त्याच्या. मी चेष्टा केली न्हाई, आता म्हणलं तरी कुनाला पटायचं न्हाई.

*

मंग डिस्पॅच. बसलो मी सायकलवर. गुडघे कानाला लागले. सोसायटीतली पोरं हसायला लागली, मला तेच पायजे व्हतं. मारलं पायडल, निगालो. चेअरमनच्या गाडीपाशी वळायचं म्हणून हँडल फिरवलं. हँडल वळलं, मी वळलो, सायकल काय वळली न्हाई. ती गेली सरळ. सीट कलंडली, मी हँडल हातात घेऊन चेअरमनच्या डिकीवर.

पडल्या-पडल्या वर बगितलं तर गेटात अर्चना. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात सई.

ती आली. मला उठवलं, लागलं का इचारलं. मंग खोक्यातला पाना घेतला अन् सायकलपाशी बसली. ती पन चाकणला लायनीवर हाय, कॉन्ट्रॅक्टवर. एकेका लाल ठिपक्यावर पाना लावला. पैला नट गरगर फिरला. तिनं रामदासकडं बगितलं. दुसरा फिरला. परत बगितलं. हँडलचा, चाकाचा, सीटचा, समदे गरगर. ती टाईट करत गेली, अन् रामदास सईकडं बघत उभा.

शेवटी म्हणली, "बाबा, यावर सई बसणार होती."

रामदास म्हणला, "टाईट करायचं काम गायकवाडचं व्हतं."

"कोण गायकवाड?"

कांबळेनं नेलपॉलिशच्या बाटलीचं बूच लावलं. मी चेअरमनच्या गाडीचा पोचा पुसत बसलो. पोचा पुसून जातो व्हय?

अर्चनानं सायकल स्कूटीच्या मागं दोरीनं आवळली. गाठ मारताना आमच्याकडं न बघता म्हणली, "रविवार बंद."

*

त्याच्यानंतर रामदास रविवारी बी खाली यायचा. खुर्ची गेटाकडं तोंड करून. मी डिवचायचो, "डावीकडनं येतीय का बघ." शिवीसुद्धा द्यायचा न्हाई. शिवी बंद झाली की समजायचं, मानूस आतनं ढिला झाला.

मंग एका रविवारी स्कूटी आली. गेटाच्या आत न्हाई, भायेर थांबली. अर्चना खाली उतरली न्हाई, हेल्मेट काढलं न्हाई, इंजिन बंद केलं न्हाई. तिनं सायकल खाली उतरवून दिली अन् सई ढकलत ढकलत एकटीच आत आली. पोरीची उंची वाढलेली.

"आजोबा, हवा गेलीय. पंप तुमच्याकडेच राहिलाय ना? आई म्हणाली, लगेच ये."

खोक्याबरुबर फुकट आलेला हातपंप रामदासकडंच व्हता, खरं हाय. पन देहूरोडला काय हवा भरायची दुकानं न्हाईत?

मी वाकून टायर दाबलं. पुढचं दाबलं, मागचं दाबलं. दगड राव, दगड. रामदासकडं बगितलं. त्यानं पन दाबलं. सई आमच्या दोघांकडं बघत व्हती, ओठ घट्ट मिटून.

रामदास खाली बसला. पुढच्या चाकाचा व्हॉल्व दाबून समदी हवा सोडली. मंग मागच्या चाकाची सोडली. सई त्याच्या मांडीला टेकून बसली. मंग त्यानं पंप जोडला अन् हळू, लई हळू, एकदा दांडा वर, एकदा दांडा खाली.

भायेर हॉर्न वाजला.

"थांब पोरी," रामदासनं मान वर न करता भायेर अर्चनाला हाळी दिली, "अजून न्हाई भरली."