शालिकरामची ताटी

शालिकराम पाण्याला भितो असं ब्रह्मपुरीच्या बसमध्ये कुणी म्हटलं तर अख्खी बस हसेल. मासे धरणाऱ्या ढिवरांचा माणूस, चालायच्या आधी पोहायला शिकलेला. पण गेल्या जूनपासून तो खरंच भितो.

गावच्या तलावावर तो पाटबंधारे विभागाचा चौकीदार आहे. जूनमध्ये पावसाळ्याआधीच्या तपासणीला शाखा अभियंता पुनम मॅडम आल्या आणि त्यांनी पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, उभं राहून एक कागद वाचून दाखवला. पाळ आणि सांडवा सुरक्षित ठेवणं ही विभागाची कायदेशीर जबाबदारी. जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्यात कसलाही अडथळा नको. धोका दिसला तर खालच्या वस्तीला आधी सूचना.

"मॅडम, विभाग मंजे कोन?" शालिकरामनं विचारलं.

"नागपूरला मोठे साहेब, चंद्रपूरला साहेब, ब्रह्मपुरीत मी. आणि इथे तुम्ही."

एवढं मोठं सरकार उतरत उतरत शेवटी आपल्या फाटक्या गमबुटात येऊन थांबतं, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्या दिवशी तो भरलं ताट पुढ्यात घेऊन नुसता बसला. बायको रंभा म्हणाली, "काऊन, का झालं?"

"आजपासून मीच विभाग आहो."

"मंग विभागानं जेवून घ्यावं. भाजी थंडी होऊन राह्यली."

आता खरी गोष्ट. तलाव भरला की मासे सांडव्यावरून नाल्यात पळतात, म्हणून टोलीचे, पाळीखालच्या ढिवरवस्तीचे, लोक दरवर्षी सांडव्याच्या तोंडाला बांबूची ताटी बसवतात. पाणी जातं, मासे राहतात. ही ताटी विणावी तर शालिकरामनंच. बापाकडून आलेला हात. बांबूच्या दोन कमच्यांत, म्हणजे चिरलेल्या पट्ट्यांत, बरोबर एक बोट अंतर, आणि गाठ अशी की बांधणाऱ्यालाही सुटू नये. यंदा त्याचा साळा, रंभाचा भाऊ हेमराज, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष, म्हणाला, "भाटवा, यंदा मच्छीचं बीज बारीक हाये. अर्ध्या बोटाच्या फटीची विना." कागद ऐकलेला माणूस एकदा 'नाई' म्हणाला. दुसऱ्यांदा गप्प बसला. तिसऱ्यांदा बांबू चिरायला बसला. साळ्यासमोर कायद्याचं असंच होतं.

ऑगस्टात दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शालिकराम पाळीवर गेला. तलाव काठोकाठ, आणि सांडव्यावरून पाणी पडत होतं ते लोट्यातून ओतावं इतकं. अर्ध्या बोटाच्या फटीत शेवाळ, पालापाचोळा, बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या गच्च बसल्या होत्या. ताटीची भिंत झाली होती.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "नाल्याला पूर आहे, मला येता येत नाही. सांडवा मोकळा आहे ना?"

"हो मॅडम," शालिकरामच्या तोंडून निघून गेलं.

फोन ठेवला आणि तो पाळीच्या मागच्या अंगाला उतरला. बुडाशी एक झरा फुटला होता. जुन्या पाळी थोड्या झिरपतात, त्यात नवल नाही. पाणी निवळ असेल तर पाळ घाम गाळते, गढूळ असेल तर पाळ आतून खाल्ली जाते. हे त्याला बापानं शिकवलेलं. त्यानं ओंजळ भरली. पाणी चहाच्या रंगाचं होतं.

समोर टोलीची चाळीस घरं. पाचवं त्याचं.

तो धावत सुटला. रंभाला म्हणाला, "थाली वाजव. साऱ्यायले टेकडीवरच्या शाळेत ने. पाळ फुटते!" तिनं एकही प्रश्न विचारला नाही. थाळी घेऊन ती घरोघर निघाली तेव्हा शालिकराम आणखीच घाबरला, कारण रंभा प्रश्न विचारत नाही असं यापूर्वी झालं नव्हतं.

कोयता घेऊन तो सांडव्यावर आला तर हेमराज आडवा उभा. "ताटी काढली त सारी मच्छी गेली, भाटवा! सालभर टोली का खाईल?"

"टोली राह्यली त खाईल ना बे! झऱ्याचं पानी पाह्य, मंग बोल."

हेमराज पळत जाऊन पाहून आला. दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं शालिकरामच्या कमरेला बांधलं. "जा. मी धरतो."

छातीभर पाण्यात शालिकराम कोयता चालवू लागला. ताटी तुटेना. त्यानं जन्मात इतकी पक्की ताटी विणली नव्हती. पहिली गाठ, दुसरी गाठ. कोयता दोनदा निसटता निसटता राहिला. "कोनं बांधली बे ह्या गाठी!" तो ओरडला. वरून हेमराज रडवेल्या आवाजात म्हणाला, "तुमीच, भाटवा."

सातवी गाठ तुटली आणि ताटी कडाडली. पाणी असं धावलं की शालिकराम दोराला लटकला आणि हेमराज गुडघ्यावर घसरत काठापर्यंत आला. पण दोर सुटला नाही. रोहू, कतला, वर्षाची सारी मच्छी दोघांच्या डोळ्यांदेखत नाल्यात गेली.

तासाभरानं पाणी चार बोटं उतरलं. शालिकरामनं मॅडमला फोन लावला.

"मॅडम, सांडवा मोकळा हाये."

"मघाशीही तुम्ही हेच सांगितलंत."

"मघाशी झूट बोललो. ताटी होती. मीच विनली होती. पाळीतून गढूळ पानी येऊन राह्यलं. लोकं शाळेत हायेत."

मॅडम म्हणाल्या, "लोकांना खाली येऊ देऊ नका. सगळं नोंदवहीत लिहा, वेळेसकट. ताटीचंही. मी वाट मिळाली की निघते."

त्यानं लिहिलं. अक्षर इतकं हललं की 'ताटी' दोन ओळींत पसरली. मग वही शर्टात खुपसून तो पुन्हा पाळीच्या बुडाशी उतरला आणि ओंजळ भरली. रंग जरा फिका वाटला. की वाटावा म्हणून वाटला? त्यानं ते पाणी सांडलं आणि पुन्हा ओंजळ झऱ्याखाली धरली.