तिसऱ्यांचा वाटा

खाडीच्या पुलाजवळ तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, वाटे लावून बसणाऱ्या मावशींना मी आज नाकाला रुमाल लावूनच विचारलं, "ताज्या आहेत ना?"

"सकाळीच काढल्यात, इथल्याच खाडीतल्या. पाण्यात ठेवा, चिखल सोडतील."

"तुम्हीही याच खाता?"

"आमी नाय खात आता. नातीला जुलाब झाले, सलाईन लावायला लागलं." मग त्यांनी खाडीत उघडणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपाकडे बोट केलं. "तो तुमच्याच सोसायटीचा ना, दादा?"

आमचाच होता. शिंपला बिचारा येईल ते पाणी पितो. चिखल सोडतो, पण आपण सोडलेले जंतू पोटात धरून ठेवतो. आणि नाकाला रुमाल आम्ही लावायचा.

मी वाटा न घेताच घरी आलो. साबणाने खसाखसा हात धुतले. ते पाणीही तिकडेच गेलं.