टाचेतली सुई आणि घाईचे पेढे

काय सांगू बायांनो, देवाचं करायला गेले आणि भर दवाखान्यात माझी शोभा झाली!

नवरात्र तोंडावर आलं होतं. आमच्या नांदेडात घरोघर दसरा काढणं चाललेलं. गोधड्या धुवा, फाटलेल्यांना टाके घाला. टाके घालताना सुई हातातून निसटली. शोधशोध शोधली, ती शेवटी पायालाच सापडली! टाचेत घुसून मोडली, अर्धी आतच.

डॉक्टर म्हणाले, "जरासं चिरून चुंबकानं ओढून बघू. नाही लागली तर मोठी चिरफाड. मग महिनाभर पाय टेकायचा नाही."

महिनाभर? आणि अनवाणी माहूरगड चढायचा माझा नवस? मनातल्या मनात रेणुकामातेला म्हटलं, चुंबकानंच काढ माय, इथल्या इथं पेढे वाटते. ह्यांना लगेच समोरच्या दुकानात पिटाळलं.

सिस्टर म्हणाली, "मावशी, बांगड्या काढा."

सणासुदीला सवाष्णीनं हात मोकळे करायचे? "अगं, पाय कापायलेत ना? हातांचं काय काम?" ती बिचारी इंजेक्शन भरायला लागली.

पाय बधिर केला, वर हिरवं कापड टाकलं. डॉक्टरांनी दांडीसारखं चुंबक जखमेत घातलं. आता तुम्हीच सांगा, कशालाही पाय लागला की आपण काय करतो? हात लावून नमस्कार करतो! आणि इथं तर माझं संकट हरायला आलेल्या चुंबकालाच माझा पाय! हात आपोआप कापडाखाली गेला.

टक्!

"लागली!" डॉक्टर म्हणाले.

"अहो, वाटा पेढे!" मी दाराकडे तोंड करून ओरडले.

डॉक्टरांनी चुंबक उचललं. चुंबकाला सेफ्टी पिनांचा घोस, घोसाला बांगडी, बांगडीत मी!

"मावशी, हे काय?"

"नमस्कार करायलते हो..."

चुंबक पुन्हा उकळायला गेलं. दुसऱ्या खेपेला सिस्टरनं माझे दोन्ही हात गच्च धरले. आणि निघाली की हो सुई! इवलीशी, काळी. मला रडूच फुटलं.

"अहो, आता खरंच निघाली. वाटा!"

ह्यांनी दारातून डोकं घातलं. हातात रिकामा खोका. "आगं, काय वाटा? मघाशीच समद्यांनी माझं अभिनंदन केलं. मुलगा का मुलगी, इचारायलेत!"

डॉक्टरांच्या मिसेस त्याच दवाखान्यात बाळंतपणं करतात, आणि बाहेर बाकडं एकच. माझ्या ध्यानातच नव्हतं!

"मग सुई निघाली म्हणून सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं की! पेढा तोंडात असल्यावर कोण ऐकतंय? आता दुसरा खोका नेला तर जुळं झालं म्हणतील!"

मी लंगडत बाहेर आले. बाकड्यावरची एक म्हातारी उठली. माझे पांढरे केस निरखून बघितले, तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"ह्या वयात, माय? आन् लगेच चालायलीस बी?"

मी हात जोडले. "सगळी देवीची कृपा!"

ह्यांनी कपाळावर हात मारला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.