मौतीच्या घरची ऑर्डर

भगवानराव गुल्हाने यांचा बिछायतीचा, म्हणजे कार्याला सामान भाड्यानं द्यायचा, धंदा दोन सतरंज्या आणि चाळीस ताटांवर सुरू झाला. आज बोरी अरबात त्यांच्याकडे दोन पिकअप, सहाशे खुर्च्या आणि चारशे ताटं आहेत. लग्नाचं गिऱ्हाईक घासाघीस करतं, तारीख बदलतं. मौतीचं गिऱ्हाईक एकदाच सांगतं. तिथं उलट विचारायचं नाही आणि वेळ चुकवायची नाही, हा वडिलांचा नियम भगवानरावांनी तीस वर्षं पाळला. वहीत नोंदही गेलेल्याच्याच नावानं. सांगायला आलेला भाचा की जावई, हे हमालांना कळत नाही. कोण गेलं ते गावाला माहीत असतं.

गेल्या पावसाळ्यात सून मोनालीच्या आग्रहानं त्यांनी यवतमाळहून बुकिंगचं सॉफ्टवेअर आणलं. लॅपटॉप धरून साठ हजार गेले. जुन्या वह्या त्यात भरताना प्रत्येक नावापुढे मोबाईल नंबर टाकावाच लागे. दुकानाच्या फोनमध्ये त्या त्या नावाचा जो नंबर सापडला, तो मोनालीनं टाकला. अशी एकशे बारा गेलेली माणसं दुकानाची गिऱ्हाइकं झाली.

वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी सॉफ्टवेअर त्यांना आपोआप मेसेज पाठवायचं : मागच्यासारखंच सामान हवं का? उत्तर कधी यायचं नाही. जानेवारीत एक आलं.

'हो. साडेतीनशे ताटं.'

नंबर किसनरावांचा होता. किसनराव म्हणजे भगवानरावांचे शाळेपासूनचे मित्र, वर्षापूर्वी वारलेले. त्यांच्या तेरवीला दोनशे ताटं गेली होती. स्क्रीनवर वर्षश्राद्धाची, गुरुवारची तारीख हिरवी झाली आणि साडेतीनशे ताटं अडकली. त्याच गुरुवारी दारव्ह्याच्या एका शाळेला स्नेहसंमेलनासाठी तीनशे ताटं हवी होती. गावाबाहेरची ही पहिलीच मोठी ऑर्डर. ती जमली असती तर दारव्ह्याची लग्नसराई उघडणार होती.

"मामाजी, बंद पडलेले नंबर कंपनी दुसऱ्याले देते," मोनाली म्हणाली. "डिलीट मारू?"

"थांब."

"काहून? मेलेला मानूस मेसेज करते काय?"

"नाही करत. पन दुसरा कायले साडेतीनशे ताटं मांगन?"

"त्याच्या घरी लगन असन!" ती हसली.

भगवानरावांनी तो नंबर स्पीकरवर लावला. फोन उचलला गेला. कोणी बोललं नाही. ओलं लाकूड पेट घेताना तडतडतं, तेवढाच आवाज येत होता.

"कोन बोलून राह्यलं?"

तडतड जवळ आल्यासारखी वाढली. मग फोन कटला. मोनालीनं डिलीटचं नाव पुन्हा काढलं नाही.

मंगळवारी भगवानराव किसनरावांच्या घरी गेले. कौसल्याबाईंनी चहा ठेवला. यंदा तुरीला भाव काय, नातू काय शिकतो, सगळं झालं. वर्षश्राद्धाचं त्या काढत नव्हत्या आणि भगवानरावांना विचारता येत नव्हतं.

"वहिनी, किसनरावचा फोन कोनापाशी हाये?" शेवटी ते म्हणाले.

"कोनापाशी असन? अंगावरच्या सदऱ्याच्या खिशातच राह्यला. सरन पेटल्यावर ध्यानात आलं. मंग कोन हात घालते?" त्यांनी बशी खाली ठेवली. "काहून, भाऊजी?"

"सहज."

चहा अर्धा टाकून ते उठले. रस्त्यातूनच त्यांनी शाळेला नाही म्हणून कळवलं. शाळेनं दुसरा बिछायतवाला गाठला.

"साठ हजार धंदा वाढाले टाकले होते ना, मामाजी?" मोनालीनं विचारलं. भगवानराव गुरुवारची ताटं मोजायला लागले.

गुरुवारी सकाळी पिकअप कौसल्याबाईंच्या दारात उभी राहिली. अंगणात चूल पेटलेली होती, वर वरणाचा गंज चढलेला.

"तुमी फोनचं विचारलं, तवाच समजली मी," त्या म्हणाल्या. "पोरगा म्हने, तेरवी केली, आता खर्च नको. यंदा कराचंच नव्हतं." मग हमालांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "किती म्हनले?"

"साडेतीनशे."

"इतके कोन येतीन, भाऊजी?"

भगवानरावांनी हमालांना ताटं उतरवायला सांगितली. अंगणात, गल्लीत, पार शेजारच्या खळ्यापर्यंत पंगती मांडल्या गेल्या. जेवायला सत्तावीस माणसं आली. उरलेली ताटं कौसल्याबाईंनी दिवस मावळेपर्यंत उचलू दिली नाहीत.

"हे तं कोरेच हायेत, मालक," गाडी भरताना हमाल म्हणाला. "तसेच टाकू?"

भगवानरावांनी खळ्याकडच्या रांगेतलं एक ताट उचललं. मधोमध बोट फिरवलं. बोटाला वरणाचा ओशटपणा लागला; ते त्यांनी धोतराला पुसलं.

"नाही," ते म्हणाले. "सारे धुवा."